रावेरची विहीर, दिल्लीची सावली

ग्रीस आणि रोम मी आवडीने निवडले नव्हते. जळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मला भूगोल घ्यायचा होता, पण त्याच्या जागा भरल्या होत्या. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "इतिहासात जागा आहे. प्राचीन ग्रीस आणि रोम. घ्यायचाय का?" माझ्या मागे लांब रांग होती. मी हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी होस्टेलच्या गच्चीवरून घरी फोन केला. आमचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील केळी लावतात. विषयाचं नाव ऐकून ते म्हणाले, "ग्रीस तं आपून ट्रॅक्टरले लावतो. त्याच्यात वर्षभर शिकाचं काय?"

मी हसले आणि विषय बदलला.

आम्हाला शिकवायला एक मॅडम होत्या. ठेंगण्या, सुती साडीतल्या, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक वेडावाकडा समुद्र काढला. "या समुद्राकडे ही माणसं आपल्या अंगणाकडे बघावं तशी बघत," त्या म्हणाल्या. "एका काठावरचा माणूस भांडून उठला की दुसऱ्या काठावर जाऊन नवं गाव वसवायचा." मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. माझ्यासाठी सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली तापी. तरीही त्या खडूच्या रेघांकडे मी बघत राहिले.

वर्गात सुरुवातीला बऱ्याच मुली होत्या. दिवाळीपर्यंत निम्म्या गळाल्या. हजेरी देऊन मागच्या दाराने जायच्या. मी का थांबले, हे मला नीट सांगता येत नाही. पहिल्यांदा बहुतेक त्या खापराच्या तुकड्यांमुळे. मॅडमनी सांगितलं की अथेन्समध्ये एखादा माणूस फार माजला असं लोकांना वाटलं, तर फुटक्या मडक्याच्या खापरावर त्याचं नाव कोरायचं आणि टाकायचं. खापरं पुरेशी भरली की तो कितीही मोठा असो, गाव सोडून जायचा. आणि ती खापरं आजही सापडतात, नावांसकट. मला आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक आठवली. इतक्या जुन्या काळात कुणीतरी हा विचार केला होता, आणि तो मडक्याच्या तुकड्यावर केला होता.

मग रोम आलं. रोमच्या लोकांनी डोंगरातलं पाणी शहरात कसं आणलं ते शिकवलं, तेव्हा मात्र मला वडिलांची आठवण झाली. आमच्याकडे तापीवरून शेतापर्यंत पाइपलाइन टाकलेल्या आहेत, कित्येक किलोमीटर. मोटर किती दाबाची, चढ कुठे, पाणी कुठे अडतं, याच्याच गप्पा मी लहानपणापासून ऐकत आले. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी वडिलांना सांगितलं की ते लोक दगडी कमानींवरून पन्हळ बांधायचे आणि तिला इतका हलका उतार द्यायचे, की डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, पण पाणी मात्र चालत राहायचं.

वडील जेवत होते. घास हातात तसाच राहिला.

"पंपाबिगर?"

"पंपाशिवाय."

"दरीत कसं करत?"

"दरीत कमानींवर कमानी."

 जेवण झाल्यावर ते हात धुऊन बाहेर गेले आणि अंगणात उभे राहून आमच्या शेताच्या दिशेने, जमिनीच्या उताराकडे बराच वेळ बघत राहिले. त्यानंतर त्यांनी माझ्या विषयाची थट्टा केली नाही.

पण ज्याच्यामुळे मी या विषयाची झाले ती गोष्ट त्याच वर्षी, जानेवारीतल्या एका तासाला ऐकली. वर्गात आम्ही चौघी होतो. मॅडम सांगत होत्या, इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया नावाचं ग्रीकांचं शहर होतं, तिथे एक मोठं ग्रंथालय होतं, आणि त्या ग्रंथालयाचा प्रमुख एक विलक्षण माणूस होता. त्याच्या कानावर एक बातमी आली. खूप दूर दक्षिणेला एका गावात एक विहीर आहे. वर्षातून एकदा, भर दुपारी, सूर्याचा प्रकाश त्या विहिरीच्या थेट तळापर्यंत पोचतो. म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीला सावलीच राहत नाही. पण त्याच दिवशी, त्याच वेळी, अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते.

"तुम्ही-मी म्हटलं असतं, पडू दे," मॅडम म्हणाल्या. "तो म्हणाला, का पडते?"

पृथ्वी सपाट असती तर दोन्हीकडे सावली सारखीच असती. ती गोल आहे, म्हणून दोन काठ्या एका दिशेला उभ्या नाहीत. त्या सावलीतला कोन हा पृथ्वीच्या वाकण्याचा कोन आहे. त्याने कोन मोजला. पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. दोन गावांमधलं अंतर सारखी पावलं टाकत चालणाऱ्या माणसांनी मोजलेलं होतं. त्या अंतराची पन्नास पट केली, की पृथ्वीचा घेर. उत्तर खऱ्याच्या जवळपास आलं.

"त्याच्याकडे काय होतं?" मॅडमनी विचारलं. "एक काठी आणि दुसऱ्या गावाहून आलेली एक ऐकीव बातमी. ती विहीर त्याने स्वतः पाहिली होती की नाही, तेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही."

तास संपला. बाकीच्या तिघी गेल्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: विहीर तर आमच्याकडेही आहे.

"मॅडम, आपल्याकडे सूर्य असा डोक्यावर येतो का?"

त्या विचारात पडल्या. "कर्कवृत्त उज्जैनच्या जवळून जातं. आपण त्याच्या खाली. म्हणजे यायला हवा. वर्षातून दोनदा." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एकदा मे संपताना आणि एकदा जुलैत. जुलैत ढग असतात. म्हणजे मे."

"मग इथेही मोजता येईल?"

"दुसरी काठी कुठे रोवशील? ती सरळ उत्तरेला हवी, आणि लांब हवी."

भिंतीवर भारताचा जुना नकाशा होता. आम्ही दोघी त्याच्यापुढे उभ्या राहिलो. मी रावेरवर बोट ठेवलं आणि सरळ वर नेत गेले. बोट थोडंसं उजवीकडे कलून दिल्लीवर थांबलं. आणि मला मामा आठवले.

माझे मामा धुळ्याचे. ट्रक चालवतात. आमच्या भागातली केळी दिल्लीच्या मंडईत नेणं हेच त्यांचं काम. आई धुळ्याकडची, त्यामुळे ती आणि मामा बोलतात अहिराणी. मी त्याच दिवशी मामांना फोन लावला. गाडी इंदूरच्या पुढे कुठेतरी होती.

"काय व माय, कशी शे?"

मी सांगितलं. मे सरताना एका दुपारी दिल्लीत काठी उभी करायची आणि तिची सावली मोजायची.

"सावली मोजीसन काय व्हई?"

"पृथ्वी मोजायची आहे, मामा."

मामांनी गाडी कडेला घेतली. मग विचारलं, "बठ्ठी?" म्हणजे सगळी.

"बठ्ठी."

"मंग काठी मोठी लागी," मामा म्हणाले, आणि एवढ्यावर तयार झाले.

परीक्षा संपवून मी मे महिन्यात घरी आले. आमच्याकडचा मे म्हणजे केळीच्या बागांच्या कडेला हिरव्या जाळ्या बांधलेल्या, पानं झळीने फाटलेली, आणि अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी अंगणात आईचं मुसळ सरळ उभं करून रोज दुपारी त्याची सावली बघायला लागले. मोबाईलवर तारीख मिळाली असती, पण मॅडमनी मला बजावलं होतं, "त्याच्याकडे मोबाईल नव्हता. सावलीला विचार." सावली रोज उत्तरेच्या बाजूला पडायची आणि रोज जराशी आखूड व्हायची. बोटभर, मग नखभर. आई येता-जाता बघायची. "तुनी ती सावली उंदीर कुरतडी ऱ्हायनात," म्हणायची.

ज्या दिवशी ती जवळजवळ उरलीच नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आई विहिरीवर गेलो. आमची विहीर जुनी आहे, दगडात बांधलेली. मोटेची जागा अजून दिसते. बोअर झाल्यापासून तिच्याकडे कुणी फारसं जात नाही. कपाऱ्यांत पारवे राहतात. तळाला हिरवट पाणी होतं. आईला आधी यायचंच नव्हतं. "भर दुपारले विहीरमा डोकावू नको," असं तिने आयुष्यभर आम्हाला सांगितलेलं, आणि आता मी तिलाच घेऊन चालले होते.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. विहिरीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर सावलीची एक पातळ कोर राहिली होती, जशी अमावास्येनंतरची चंद्रकोर. आम्ही डोक्यावर ओले टॉवेल घेऊन काठावर बसलो. ती कोर बारीक होत होत गेली आणि मग नव्हतीच. विहिरीच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत कुठेही अंधार राहिला नाही. कपाऱ्यांतली पारव्यांची घरटी दिसली, एका दगडावर कुणीतरी कोरलेलं कमळ दिसलं, जे आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. आणि तळाचं पाणी. हिरवं वाटायचं ते पाणी काचेसारखं झालं होतं. आत पडलेली एक बादली दिसत होती, तिची कडीसुद्धा. मी पुढे वाकले तर माझ्या डोक्याची सावली सरळ खाली जाऊन पाण्यावर बसली, काळी, गोल.

 आईने माझा दंड घट्ट धरला होता. मग हळूच म्हणाली, "हाई रोज व्हतं का?"

"वर्षातून दोनदा. एरवी नाही."

"अन् मी आठे इतला वरीस शे."

तिने पायांकडे पाहिलं. ती उभी होती आणि तिच्या सावलीला जागाच उरली नव्हती. सगळी सावली पावलांखाली गेली होती. इजिप्तमधल्या त्या गावच्या बायकांनीही पाणी भरताना असंच पाहिलं असेल, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी ते कुणाला तरी सांगितलं असेल, आणि ते सांगणं वाळवंट ओलांडून ग्रंथालयात बसलेल्या माणसापर्यंत पोचलं. मला रडू आलं. उन्हामुळे डोळ्यांतून पाणी येतंय असं आईला वाटलं असावं. तिने पदराने माझं तोंड पुसलं.

दिल्लीहून फोन मात्र दोन तास उशिरा आला. मामांनी ट्रकमधली लोखंडी टॉमी, म्हणजे चाक खोलायची पहार, मंडईच्या मागे मातीत रोवली होती आणि सावली मोजून कळवली. मी मोठ्या उत्साहाने आकडेमोड केली. पृथ्वी फारच लहान आली, खरीच्या निम्म्याहून थोडी मोठी. मामांना खोदून विचारलं, तेव्हा कळलं की व्यापाऱ्याने माल उतरवायला थांबवलं होतं, म्हणून त्यांनी मोजलं ते एक वाजता, आणि टॉमी जराशी तिरपी होती.

"पृथ्वी लहान आली, मामा."

मामा गंभीर झाले. "चूक मनी व्हई," ते म्हणाले. "पृथ्वीनी नही."

पुढच्या वर्षीची वाट बघावी लागली. ते वर्षभर मी जे काही वाचलं ते त्या विहिरीच्या उजेडात वाचलं. ग्रीकांची देवळं, रोमचे रस्ते, सैन्य, राजे, खून, कायदे, सगळं आता कुठेतरी खरं घडलेलं वाटायला लागलं. आधी ती नुसती परीक्षेतली उत्तरं होती. आता प्रत्येक वाक्यामागे एक माणूस उन्हात उभा असलेला दिसायचा. मॅडमना मी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "घड्याळाच्या भानगडीत पडूच नका. मामांना सांग, थोड्या थोड्या वेळाने खूण करायची. सगळ्यात आखूड सावली म्हणजे माध्यान्ह. आणि काठी सरळ ठेवायला ओळंबा." मग जरा संकोचून म्हणाल्या, "या वेळी मी येऊ का तुमच्याकडे?"

मॅडम एसटीने रावेरला उतरल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन तेव्हाच चटके देत होतं. वडिलांनी त्यांना मोटारसायकलवर आणलं. त्यांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. घरी आल्यावर उघडलं तर फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक. आईने त्यांना कैरीचं पन्हं दिलं. एवढ्या शिकलेल्या बाईंशी काय बोलावं ते आईला कळेना, म्हणून तिने आणखी एक पेला दिला.

दुपारी आम्ही चौघं विहिरीवर होतो. मला माहीत होतं काय होणार, म्हणून मी या वेळी विहिरीकडे न बघता मॅडमकडे बघत होते. सावलीची कोर विरली, भिंती उजळल्या, पाणी पेटलं. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. त्या काठावर दोन्ही हात टेकून कितीतरी वेळ खाली बघत राहिल्या.

"मी हे तीसेक वर्षं शिकवतेय," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आतून मला ती गोष्टच वाटायची गं. एक छान गोष्ट."

वडील शेजारी उभे होते. त्यांनी एक पिकलं पान काठावरून खाली सोडलं. ते पान आणि त्याची सावली पाण्यावर एकमेकांना येऊन भेटली. आम्ही सगळे ते बघत होतो.

इतक्यात मामांचा व्हिडिओ कॉल आला. या वेळी त्यांच्याकडे कापडाच्या दुकानातली मीटरपट्टी होती आणि दोऱ्याला बांधलेला एक नट, ओळंबा म्हणून. पट्टी त्यांनी एका रिकाम्या क्रेटच्या फटीत पक्की ठोकली होती. मागे केळीची पानं, हमाल, कुणी दाढीवाला सफरचंदाचा व्यापारी, सगळे वाकून बघत होते.

"आठे बठ्ठा लोके गोया व्हई गयात," मामा ओरडून म्हणाले. "हाऊ वॉचमन इचारस, जादूटोणा शे का?"

"काय सांगितलं त्याला?"

"सांगं, मनी भाची पृथ्वी मोजी ऱ्हायनी. तो गपच बसना."

मामांनी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. सावली आखूड होत गेली होती आणि मग पुन्हा वाढायला लागली होती. सगळ्यात आखूड खूण तेरा सेंटिमीटरवर होती. कुणीतरी मागून हिंदीत म्हणालं, "तेरह, पक्का तेरह."

आम्ही घरी आलो. ओसरीच्या शहाबादी फरशीवर मी खडूने एक मीटर लांब सरळ रेघ ओढली, तिच्या टोकाला काटकोनात तेरा सेंटिमीटरची, आणि दोन्ही टोकं जोडली. मॅडमनी गुडघ्यावर बसून लाकडी कोनमापक लावला. साडेसात अंशांच्या जरा खाली. एक वर्तुळ भरायला असे किती तुकडे लागतील? मी भागाकार केला. अठ्ठेचाळीसच्या वर, जवळजवळ एकोणपन्नास.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला पन्नास लागले होते," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्याची विहीर आणि त्याचं शहर यांच्यामध्ये पृथ्वी जेवढी वाकलेली होती, जवळजवळ तेवढीच ती रावेर आणि दिल्लीच्या मध्ये वाकलेली आहे. त्याने काढलेला कोन आमच्या ओसरीवर पडला होता. आईने नुकतंच सारवलेलं अंगण समोर होतं, वडील खांबाला टेकून बसले होते, आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाच्या हातात होता तोच सुईसारखा निमुळता त्रिकोण माझ्या पायाशी होता.

अंतराचा घोळ थोडा झाला. मामांच्या गाडीचा आकडा फार मोठा होता, कारण रस्ता वळणं घेत जातो. शेवटी शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर काढलं. आठशेतीस किलोमीटरच्या आसपास. मी गुणाकार दोनदा केला, मग वडिलांनी मोबाईलवर केला. चाळीस हजारांच्या जरा वर.

"बराबर आहे का?" वडिलांनी विचारलं.

"बराबर आहे," मॅडम म्हणाल्या, आमच्यासारखंच.

मामांना फोन करून आकडा सांगितला. मला वाटलं ते चकित होतील. ते म्हणाले, "चाळीस हजार? बस? तितली तं मी दिवाळीपावत गाडी चालावस."

 मामा खरंच बोलत होते. रावेर-दिल्ली, दिल्ली-रावेर करत हा माणूस किती वेळा पृथ्वीला वळसा घालून आला होता! त्यांनाही ते बोलल्यावरच उमगलं असावं. कारण अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हंजे मी कितला येळा गोल फिरनू व?"

नंतरचे काही आठवडे, पाऊस येईपर्यंत, मी दुपारी मुसळ उभं करून पाहिलं. सावली आता दक्षिणेकडे पडत होती. जन्मभर त्याच अंगणात वावरून मला माहीत नव्हतं की आमच्या घरी उन्हाळ्याच्या शेवटी सावली उलटी फिरते.

बी.ए. झाल्यावर मी एम.ए.साठी धुळ्याला मामांकडे राहायला गेले. मामी सुगरण, प्रेमळ आणि माझ्या लग्नाच्या काळजीने कायम हैराण. दुसऱ्या वर्षी तिने एक स्थळ आणलं. मुलाकडचे बघून गेले, चहा-पोहे झाले. ते निघून गेल्यावर मामीने बोलावलेले ज्योतिषी गुरुजी मात्र पत्रिका पसरून बसले होते. साठीचे, शांत गृहस्थ. मामी समोर हात जोडून.

"गुरू केंद्रात आहे," गुरुजी म्हणाले. "उत्तम. जामित्रही शुद्ध आहे. आता होरा बघू."

मी पाण्याचा पेला घेऊन आत येत होते. त्याच आठवड्यात मी वाचलेलं मला आठवलं आणि मी जागीच उभी राहिले.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे तिन्ही शब्द ग्रीक आहेत."

मामीने कपाळावर हात मारला. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणते?"

"केंद्र, जामित्र आणि होरा. ग्रीकांकडून ज्योतिषात आले. आपल्या लोकांनी त्यांना यवन म्हटलं, आणि त्यांच्याकडून शिकले. होरा म्हणजे त्यांच्याकडे तास. जामित्र म्हणजे वर्तुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली रेघ, म्हणून समोरचं घर, सातवं."

"विवाहाचं स्थान," गुरुजी म्हणाले. "बरोबर. समोरचंच." त्यांनी पत्रिकेवर बोट एका घरातून समोरच्या घरात नेलं, जसं पहिल्यांदाच नेत असावेत. "आणि केंद्र?"

"केंद्र म्हणजे मुळात टोचणारं टोक. बैलाला टोचायची पराणी. नंतर वर्तुळ काढताना मध्ये रोवायच्या टोकालाही तेच म्हणायला लागले."

गुरुजी पाठ सरळ करून बसले. रागावतील असं मला वाटलं. मामी तर मनातल्या मनात स्थळ मोडून बसलीच होती.

"माझे आजोबा हे शब्द म्हणायचे," गुरुजी म्हणाले. "त्यांचे आजोबा म्हणायचे. आम्ही समजत होतो ते आमच्या घरचेच." मग त्यांच्या चेहऱ्यावर एक असं हसू आलं, जे मी एकदा मॅडमच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. "केवढ्या लांबून आले गं! आणि कुणी आणले असतील? कुठल्या वाटेने?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. भडोचच्या बंदरात त्यांची जहाजं यायची. तिथून दख्खनमध्ये जाणाऱ्या बैलगाड्यांच्या वाटा खानदेशाच्या आसपासूनच जात असणार."

"म्हणजे इथून?"

"कदाचित इथून."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर आग्रा रोडवरून ट्रकची रांग चालली होती. त्यांनी पत्रिका घडी करून बाजूला ठेवली, झोळीतून पंचांग काढलं, आणि माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली.

"बस," ते म्हणाले. "अजून आहेत का असे?"

मी बसले. त्यांनी पहिलं पान उलगडलं. ते एकेक शब्द वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला माहीत असेल तिथे मी सांगायचे, नसेल तिथे आम्ही दोघंही त्या शब्दाकडे नुसते बघत राहायचो. चहा करायला गेलेल्या मामीने आतून दोनदा हाक मारली, की चहा थंड व्हई ऱ्हायना.